आठ नंबरचा पाय

"चेहरा खोटं बोलतो, जीभ खोटं बोलते, वेळ आली तर हातसुद्धा साक्ष फिरवतात, पण पाय? पाय कधी खोटं बोलत नाही."

हे उद्गार मापकाकांनी आपल्या निरोपसमारंभात काढले. बुटांच्या दुकानात उभा जन्म लोकांच्या पायाशी बसून काढलेल्या माणसाला एवढं बोलण्याचा हक्क असतो, आणि लोकांनाही टाळ्या वाजवायच्याच होत्या, कारण भाषणानंतर चहा होता. माणूस ओळखायचा तर त्याच्या पायाशी बसावं लागतं, असंही काका पुढे म्हणाले. त्यावर दुकानाचे मालक डोळे पुसताना दिसले. एवढं थोर सत्य सांगणाऱ्या काकांनी स्वतःचे तळवे मात्र कित्येक वर्षांत पाहिले नव्हते. पाहायची इच्छा नव्हती असं नाही. मध्ये पोट होतं.

मापकाका हे नाव त्यांना दुकानाने दिलं आणि पुढे घरानेही तेच चालवलं. जिन्यावर पाऊल वाजलं की काका खुर्चीतून न हलता सांगत, "सात नंबर. उजवी टाच बाहेरून झिजलेली." दार उघडावं तर समोर सात नंबरच. शेजाऱ्यांची नावं त्यांच्या लक्षात राहत नसत. वरच्या मजल्यावरचा विमा एजंट म्हणजे नऊ रुंद, समोरच्या बाई म्हणजे चार, अंगठा वाकडा. स्वतः काका आठ नंबर. लग्नात आठ, नोकरीत आठ, निवृत्तीतही आठ. माणसाची मतं बदलतात, केस जातात, दात जातात, पण नंबर जात नाही, अशी त्यांची श्रद्धा होती. ज्यांना स्वतःचा नंबर ठाऊक नसतो त्यांच्याकडे ते आपण बेवारस माणसाकडे पाहतो तसे पाहत.

काकांना मधुमेह होता. तो आहे हे त्यांना मान्य होतं, तो गंभीर आहे हे मान्य नव्हतं. "आपली शुगर घरगुती आहे," असं ते म्हणत, जणू इतरांची परदेशातून मागवलेली असावी. गोळी ते रोज घेत. म्हणजे ज्या दिवशी आठवण होई त्या प्रत्येक दिवशी. काकू आठवण करून देत असत, पण बायकोने आठवण केली की गोळी घेण्यात कर्तबगारी ती काय राहिली?

आता मूळ मुद्द्याकडे यायला हवं, आणि तो मुद्दा म्हणजे तळं.

दुकान बंद होईपर्यंत अंधार पडायचा. काकूंना चालायची हौस. घरापासून तळ्यापर्यंत रस्ता चांगला होता, दोन्ही बाजूंना झाडं, शेवटी पाण्याकाठी बसायला बाक. लग्न झाल्यापासून काका सांगत आले, "एकदा दुकान सुटू दे, मग रोज संध्याकाळी तळ्यावर." काकूंनी या वाक्याची पुन्हा आठवण कधी करून दिली नाही. मुलं मोठी झाली, लांब गेली, बाकांना दोनदा नवा रंग लागला. निरोपसमारंभाचा हार सुकायच्या आत, पहिल्याच रिकाम्या संध्याकाळी, काकू केस विंचरून दाराशी उभ्या होत्या. काकांना क्षणभर कळेना की कोणाकडे पाहुणे म्हणून जायचंय.

"चप्पल घालून फिरायला जाणं म्हणजे ताट न घेता जेवायला बसणं," काका म्हणाले. "आधी बूट."

एवढ्यावर ती संध्याकाळ लांबणीवर पडली. दुसऱ्या दिवशी काका आपल्याच दुकानात गिऱ्हाईक म्हणून गेले आणि आयुष्यात पहिल्यांदा त्या खुर्चीत बसले. मालक स्वतः खाली बसले, त्यांनी काकांचा पाय लोखंडी मापावर ठेवला आणि जरा घुटमळून म्हणाले, "काका, नऊ घ्या. रुंद."

भर कोर्टात न्यायाधीशाला कोणी जन्मतारीख विचारावी तसं झालं.

"माप पुसून घ्या," काका म्हणाले. "आणि आठ काढा."

मालकांनी दोन्ही काढले. नऊमध्ये पाय गेला तेव्हा काकांना काहीच वाटलं नाही. पिशवीत हात घालावा तसं. पाय आत आहे की खुर्चीखाली राहिलाय, तेही कळेना. मग टाचेशी शिंगाची पट्टी लावून आठ चढवला. तो मात्र चढताना कुरकुरला, आवळला, आणि काकांच्या चेहऱ्यावर समाधान उमटलं. "याला म्हणतात बूट. पायाशी बोलतो तो." मालकांनी नऊचा जोड खोक्यात परत ठेवला. ज्याने आपल्याला माप घ्यायला शिकवलं त्याला माप शिकवणार कोण? तिथेच काकांनी काकूंसाठीही एक जोडी घेतली. नंबर विचारला तेव्हा त्यांनी विचार न करता सांगितलं, "सहा."

फिरणं सुरू झालं. सुरुवातीच्या संध्याकाळी खरोखर सुखाच्या गेल्या, हे इथे नोंदवून ठेवायला हवं, कारण पुढे ते सुख सापडणार नाही. काकू झपझप चालत, काका शेजारून येणाऱ्याजाणाऱ्यांचे नंबर सांगत. एकदा समोरून जाड माणूस आला, त्याला काकांनी पाच नंबर सांगितला, आणि एवढा डोलारा पाच नंबरावर उभा असल्याची कल्पना येऊन काकू इतक्या हसल्या की बाकावर बसावं लागलं. त्या असं हसतात हे काका विसरले होते. घरी आल्यावर काका दोघांचे बूट पुसत आणि भिंतीतल्या कपाटात ठेवून कुलूप लावत. किल्ली शर्टाच्या खिशात. चांगला बूट धुळीत राहू नये, हा दुकानाचा नियम.

आणि मग किल्ली हरवली.

संध्याकाळ झालेली, काकांनी कपाट उघडून आपले बूट काढले, कुलूप पुन्हा दाबून लावलं, कारण काकू अजून गॅसपाशी होत्या. वाकून नाड्या सोडल्या, ओढूनताणून पोट सांभाळत पाय आत सारले, पुन्हा नाड्या बांधल्या आणि उठून खिसा चाचपला. किल्ली नाही.

"कुठे ठेवलीस?" काकांनी विचारलं. हरवलेली वस्तू बायकोने ठेवलेली असते, हा घराघरातला कायदा आहे. काका फक्त त्याची अंमलबजावणी करत होते. काकूंनी सांगितलं की त्यांनी किल्लीला हातही लावलेला नाही. मग त्यांनी गादी उलटली, डबे पाहिले, केराची टोपली कागदावर ओतली. काका खुर्चीत बसून कुठे कुठे शोधायला हवं ते सांगत होते. शेवटी ते म्हणाले, "एक किल्ली सांभाळता येत नाही, आणि रोज तळ्यावर जायचंय."

काकू घरातली सैल चप्पल घालून निघाल्या. त्या संध्याकाळी कोणी कोणाचा नंबर सांगितला नाही. काकांनी एकच वाक्य उच्चारलं, तेही स्वतःशी: "आज बूट आणखीच छान बसलाय."

पुढे हेच चालू राहिलं. कपाट बंद, काकूंचे बूट आत, काकांचे बाहेर. कुलूप तोडायला काका तयार नव्हते. किल्ली घरातच आहे, ज्याने हरवली त्याने शोधावी, हे तत्त्व होतं. तत्त्वाची माणसं फार वाईट. चूक करणाऱ्याचं एकदा चुकतं, तत्त्वाचा माणूस रोज त्याच वेळी, ठरवून चुकतो.

अशाच एका सकाळी काकू फरशी पुसत असताना थांबल्या. पांढऱ्या फरशीवर तांबडे ठिपके होते. न्हाणीपासून खुर्चीपर्यंत, खुर्चीपासून खिडकीपर्यंत.

काकांनी ठिपक्यांची पाहणी केली आणि निकाल दिला: रंग. वरच्या मजल्यावरच्या एजंटाकडे दारांना रंग द्यायचं काम चाललं होतं, तोच खिडकीतून गळला. काकूंनी विचारलं, त्यांची दारं तर हिरवी होताहेत ना? काका म्हणाले, खाली पहिला हात तांबडा देतात, तुला त्यातलं कळत नाही. आणि दुखावलेल्या करदात्याच्या आवेशात, अनवाणी, ते जिना चढून वर गेले.

एजंटाने दार उघडलं. काकांनी त्याला सार्वजनिक जीवनातली जबाबदारी, रंगाऱ्यांवरची देखरेख आणि परक्याची फरशी या विषयांवर चांगलं खडसावलं. समोरच्या चार नंबरच्या बाईही वर येऊन उभ्या राहिल्या. एजंट शांतपणे ऐकत होता, पण त्याची नजर काकांच्या चेहऱ्यावर नव्हती. ती काकांच्या मागे जिन्यावर होती.

"काका," तो म्हणाला, "हा रंग तुम्ही येताना घेऊन आलात."

काकांनी वळून पाहिलं. प्रत्येक पायरीवर एक, डाव्या बाजूला, नीटनेटका ठिपका. माग काढणाऱ्या पोलिसाला गुन्हेगार सापडावा आणि तो आरशात असावा, अशी ती अवस्था होती. बाईंनी "अगं बाई" म्हटलं. एजंटाने खुर्ची आणली. काका म्हणाले, "दुखत नाहीये," आणि ते खरं होतं. सगळ्यात वाईट तेच होतं, पण त्या वेळी ते त्यांनी शौर्य म्हणून सांगितलं.

त्यानंतर सल्ले सुरू झाले. आपल्याकडे माणूस आजारी पडला की त्याच्यावर पहिला हक्क शेजाऱ्यांचा, मग नातेवाइकांचा, आणि सगळे दमले की डॉक्टरांचा. एजंट म्हणाला, जखम उघडी ठेवा, वारा लागू द्या. बाई म्हणाल्या, गच्च बांधा, वारा लागू देऊ नका. काकूंचा भाऊ बातमी कळताच आला. या मेहुण्यांना कुठल्याच विषयाचं शिक्षण नव्हतं, त्यामुळे त्यांचा सगळ्याच विषयांचा अभ्यास होता. ते म्हणाले, "भावोजी, कडक पाणी. पाय बुडवून बसा. बाधा वाफेबरोबर जाते." काका बुडवून बसले. पाणी सोसवतंय का, असं काकूंनी विचारलं तेव्हा काका म्हणाले, कोमट आहे. काकूंनी बोट घातलं आणि हात झटकन मागे घेतला. तोवर पायाची कातडी उकडलेल्या बटाट्याच्या सालीसारखी सुटली होती.

मेहुण्यांनी खचून न जाता मध सुचवला. मध लावून, फडकं बांधून काका दुपारी आडवे झाले. काकूंना भिंतीवरून मुंग्यांची रांग येताना दिसली. ती पलंगाच्या पायावरून चढली, चादरीची घडी ओलांडली आणि मोठ्या शिस्तीने काकांच्या फडक्यात शिरली. काका घोरत होते. माणूस मुंग्या चावत असताना घोरतो, हे पाहून काकू पहिल्यांदा घाबरल्या. रक्त पाहून घाबरल्या नव्हत्या.

"उद्या दवाखाना," त्या म्हणाल्या. काकांनी तोंड उघडलं, पण काकूंचा असा आवाज त्यांनी पूर्वी ऐकला नव्हता.

मोठ्या इस्पितळात प्रवेश करणं सोपं, दाखल होणं अवघड. खिडकीवरच्या बाईंनी विचारलं, "काय दुखतंय?"

"काही दुखत नाही."

"मग आलात कशाला?"

बाईंच्या यंत्रात दुखणं भरल्याशिवाय पुढचं पान उघडत नव्हतं. अखेर "थोडं दुखतं" अशा खोट्या जबाबावर त्यांना चिठ्ठी मिळाली. कातडीच्या विभागाने सांगितलं, हे कातडीच्या खाली गेलंय, आमच्याकडे वरवरचं असतं. शस्त्रक्रियेच्या विभागाने सांगितलं, अजून कापण्याइतकं झालेलं नाही, झालं की या. शुगरच्या विभागाने काकांची शुगर पाहिली आणि ती घरगुती नसल्याचं स्पष्ट केलं. तिथून त्यांना मधुमेही पायांच्या खास विभागाकडे पाठवण्यात आलं. तो सगळ्यात वरच्या मजल्यावर होता, लिफ्ट दुरुस्तीला होती, आणि जिना चढून गेल्यावर समोर ठळक अक्षरांत पाटी होती: रुग्णांनी पायावर भार देऊ नये.

पायांची डॉक्टर तरुण होती. ठेंगणी, चष्मेवाली, आणि ती स्टुलावर बसून काकांच्या पायाशी वाकली. काकांना हे अवघड गेलं. त्या जागी बसायची सवय त्यांची होती. त्यांनी सवयीने तिच्या पायांकडे नजर टाकली: पाच, कमान उंच.

"डोळे मिटा, काका. पायाला काही लागलं की 'हो' म्हणा."

काका शाळेत हुशार होते. थोडा वेळ जाऊ दिला की म्हणायचं, हे त्यांनी ओळखलं. "हो," ते म्हणाले. मग जरा थांबून, "हो." मग खात्रीने, "हो, हो."

"काका, मी अजून दोरा पाकिटातून काढलेला नाही."

काकूंनी तोंडावर हात धरला. मग डॉक्टरने खरोखर दोरा काढला. नायलॉनचा, छोट्या दांडीला लावलेला. तो तिने अंगठ्याखाली टेकवला, वाकेपर्यंत दाबला, उचलला. मग करंगळीखाली. मग टाचेवर, मग मधोमध. काका डोळे मिटून बसले होते, आता प्रामाणिकपणे, नीट कान देऊन, आणि कोणीतरी हाक मारेल म्हणून वाट पाहणाऱ्या माणसासारखे जरा पुढे झुकले होते. दोरा वाकत होता. काकू तेवढ्या पाहत होत्या.

"सुरू करा ना," काका म्हणाले.

"झालं," डॉक्टर म्हणाली.

काकांनी डोळे उघडले आणि आपली बाजू सावरायला दुकानाचा दाखला दिला: मी उभा जन्म पायांत काढलाय, पाय कधी खोटं बोलत नाही.

"खरंय. तुमचे तर काहीच बोलत नाहीत," ती म्हणाली. मग तिने सोप्या शब्दांत समजावलं. साखरेने पायाच्या नसा मेल्या होत्या. हलका स्पर्श कळत नव्हता, फक्त आवळलं तरच काहीतरी कळायचं. म्हणून अशी माणसं नेमका लहान बूट निवडतात आणि तो छान बसला असं सांगतात. "तुमचा नंबर काय?"

काकांनी खाली पाहिलं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी या प्रश्नाचं उत्तर दिलं नाही.

डॉक्टरने जखम साफ केली, आत सळई घालून खोली पाहिली. अंगठ्याशेजारच्या बोटाच्या बुडाशी भोक होतं, आणि त्याचा आकार गोल नव्हता, लांबट होता, एका टोकाला दातेरी. तिने ते काही वेळ निरखलं आणि बूट मागितले. "बूट घालण्याआधी रोज आत हात घालून बघायचं," असं सांगत तिने डाव्या बुटात हात घातला, पुढपर्यंत, आतल्या पट्टीच्या कडेशी, आणि मूठ बाहेर काढून उघडली.

कपाटाची छोटी चपटी किल्ली.

काकांना सगळं एकदम आठवलं. वाकलेलं पोट, झुकलेला खिसा, सोडलेल्या नाड्या. आणि नंतरच्या सगळ्या संध्याकाळी, ज्यांत ते छान बसलेल्या बुटात पुढे चालत होते आणि काकू सैल चपलेत मागे.

आता बायको बोलणार, आणि तिने बोलावंच, अशा तयारीने ते बसले. काकूंनी हात पुढे केला, किल्ली रुमालाने पुसली आणि म्हणाल्या, "मिळाली."

एवढंच. भांडणात हरणं परवडतं. बायको भांडलीच नाही तर माणसाने जायचं कुठे?

घरी आल्यावर कपाट उघडलं. काकांनी पलंगावरूनच फर्मावलं की काकूंनी आता तरी आपले बूट घालावेत. काकूंनी एक बूट हातात घेतला, तेव्हा त्यातून कापसाचा चेपलेला गोळा खाली पडला.

"हा कशाला?"

"पुढे मोकळा राहायचा."

"सहा आहे तो."

"माझा पाच आहे," काकू म्हणाल्या. "आधीपासून."

"मग बोलली का नाहीस?"

काकूंनी कापूस उचलून पुन्हा बुटात भरला. "तुम्ही सहा म्हणालात."

गावभरच्या पायांचे नंबर जिन्यावरच्या आवाजावरून सांगणाऱ्या माणसाने घरात रोज वाजणारं पाऊल कधी ऐकलंच नव्हतं. काका त्या दुपारी जेवले नाहीत. शुगरमुळे त्यांना उपाशी राहता येत नाही म्हणून काकूंनी ताट पलंगाशी आणलं, आणि पश्चात्तापही अर्ध्यावर सोडून जेवावं लागलं.

डॉक्टरने डाव्या पायाला एक अवजड बूट दिला होता. जाड तळाचा, पट्ट्यांचा, बोटांवर भार येऊ न देणारा. तो दिवसभर, घरातसुद्धा, न्हाणीपर्यंत जातानासुद्धा. उठणं कमीत कमी. काकू रोज स्टूल घेऊन बसत, पट्टी सोडत, धूत, औषध लावत, आरसा धरून त्यांना त्यांचाच तळवा दाखवत. काका आरशात पाहून दर वेळी विचारत, "बरं दिसतंय ना?" काकू म्हणत, "कालच्यापेक्षा." आणि खरंच भोक उथळ होत चाललं होतं. डॉक्टर म्हणाली, असंच राहिलं तर तुम्ही चालत तळ्यावर जाल. तिला तळ्याचं काकूंनी सांगितलं असणार, काकांनी नव्हतं.

इथेच गोष्ट थांबली असती तर बरं झालं असतं.

पण निरोप आला की दुकानाचे मालक भेटायला येताहेत, सोबत काही जुनी गिऱ्हाइकं घेऊन. काका सकाळपासून अस्वस्थ. एका पायात बूट आणि एका पायात होडी घालून मालकांपुढे बसायचं? ज्या माणसाने दुकानात कधी सैल नाडी खपवून घेतली नाही, त्याने? पाहुणे जिन्यावर वाजू लागले, तेव्हा त्यांनी पट्ट्या सोडल्या आणि पलंगाखालून आठ नंबर ओढला.

"अहो, नको," काकू म्हणाल्या.

"तेवढ्यापुरता."

"अहो, नको ना."

काका उभे राहिले. उभे राहून त्यांनी सगळ्यांचं स्वागत केलं, उभ्याने चहा घेतला, उभ्याने पाय कधी खोटं बोलत नाही हे भाषण पुन्हा करून दाखवलं. गिऱ्हाइकांनी टाळ्या वाजवल्या. मालक म्हणाले, काका, तुम्ही तर ठणठणीत आहात. काकू दाराच्या चौकटीला धरून उभ्या होत्या आणि फक्त बुटाकडे पाहत होत्या. पाहुणे गेले, काका विजयी मुद्रेने खाली बसले, काकूंनी बूट काढला, आणि मोजा लाल होऊन पायाला चिकटलेला होता.

त्यानंतर ताप आला. हाडाचा फोटो काढला. पायांची डॉक्टर या वेळी स्टुलावर बसली नाही. ती उभी राहिली, आणि काकांना तेवढ्यावरूनच कळलं. बोट वाचत नव्हतं. ते काढलं नाही तर पाय, आणि पायानंतरचं तिने काही सांगितलं नाही.

बोट गेलं. त्याबद्दल विनोद करता येण्यासारखं काही नाही. मेहुणे म्हणाले, भावोजी, अजून नऊ आहेत, आणि काकू आयुष्यात पहिल्यांदा भावावर ओरडल्या.

जखम भरायला फार काळ गेला. त्या काळात काकांना एक उद्योग लागला: डोळे मिटून काकूंचं पाऊल ऐकणं. गॅसपासून खिडकीपर्यंत, खिडकीपासून पलंगापर्यंत. पाच नंबर. डावी टाच हलकी पडते. दमल्या की उजवा पाय घासतो. एवढं स्पष्ट पाऊल, आणि त्यात अवघड असं काहीच नव्हतं.

मग इस्पितळाच्या कारखान्यात काकांच्या पायांचे साचे घेऊन बूट घडवले गेले. डावा वेगळा, उजवा वेगळा, आत मऊ, बाहेर ओबडधोबड, वजनाला दगडासारखे. काकांनी उलटे करून तळ पाहिला, नाड्यांखालची जीभ पाहिली, आतली बाजू पाहिली.

"नंबर कुठे लिहिलाय?"

"यांना नंबर नसतो, काका," डॉक्टर म्हणाली. "हे फक्त तुमचे."

तिने चांगल्या मनाने सांगितलं. पण काकांना वाटलं, नंबर नाही म्हणून आपण ज्यांच्याकडे बेवारस समजून पाहत आलो त्या माणसांत आता आपणही जाऊन बसलो. चालायला परवानगी मिळाली तीही घरापुरती. पलंगापासून दारापर्यंत, आणि परत. तळं पुढच्या वर्षी बघू, डॉक्टर म्हणाली, आणि तिने काकूंकडे पाहायचं टाळलं.

त्या संध्याकाळी काका नवे बूट घालून दारापर्यंत चालत गेले. घालण्याआधी त्यांनी दोन्हींत हात घालून पाहिलं. दाराशी काकू उभ्या होत्या. अनवाणी, कुठे जायचं नव्हतं म्हणून. बाहेर उजेड उतरत होता आणि रस्त्यावरून फिरायला निघालेली माणसं जात होती. काका काकूंच्या अगदी शेजारी जाऊन उभे राहिले. एकाही माणसाचा नंबर त्यांनी सांगितला नाही.

मग त्यांनी बोलायला सुरुवात केली. हे भाषण त्यांनी पलंगावर पडल्या पडल्या बरेच दिवस जुळवलं होतं. ते म्हणाले, की लोकांच्या पायाशी बसलो आणि तुझ्या पायाकडे पाहिलं नाही. किल्ली माझ्या पायाखाली होती आणि घर तुला उलटंपालटं करायला लावलं. त्या दिवशी तू दोनदा नको म्हणालीस, आणि मी टाळ्यांसाठी उभा राहिलो. बोट गेलं त्याचं दुःख नाही, ते माझंच होतं; पण तळं तुझं होतं, ते मी घालवलं. यापुढे तुला काय टोचतंय, काय सैल होतंय, ते मला तू न सांगता कळायला हवं, मी आता डोळे आणि कान उघडे ठेवणार आहे.

काकू खाली पाहत होत्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. ओठ दाताखाली धरलेला होता. काकांना वाटलं, शब्द पोचले. निरोपसमारंभातसुद्धा असं भाषण झालं नव्हतं.

काकूंनी त्यांच्या दंडावर हात ठेवला.

"अहो, बोला तुम्ही, मी ऐकतेय," त्या म्हणाल्या. "फक्त तेवढा डावा पाय उचला. माझ्या पायावर आहे."